गुपित राखणारा आवाज

हॅरी पॉटर ज्यांनी इंग्रजीतून कानांनी ऐकलाय, त्यांची दोन घराणी आहेत. एक जिम डेलचं, दुसरं स्टीफन फ्रायचं. आपलं घराणं कोणतं हे बहुतेकांनी स्वतः निवडलेलं नसतं, कारण अमेरिकेतली सीडी डेलची आणि इंग्लंडमधली फ्रायची. पुस्तकांचे हक्क दोन देशांत वेगवेगळ्या प्रकाशकांकडे होते, म्हणून सातही पुस्तकं दोनदा रेकॉर्ड झाली. दोन्हीकडे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच माणूस वाचतो. पार्श्वसंगीताच्या आधाराने नाही, फक्त गळ्याच्या आणि श्वासाच्या जोरावर.

मी नाशिकला एका छोट्या संस्थेत दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करते. पाठ्यपुस्तकं जास्त, कधीमधी कथा-कादंबऱ्या. आमच्याकडे नवीन कोणी वाचायला आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, वेगवेगळे आवाज काढायचे का?" त्यावर मी त्यांना या दोघांचं एकच प्रकरण पाठोपाठ ऐकवते. सगळी उत्तरं त्यात मिळतात, असं माझं ठाम मत आहे.

आधी ही माणसं कोण, ते सांगते. जिम डेल 1935 साली इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यात जन्मला. तरुणपणी पॉप गायक, मग 'कॅरी ऑन' चित्रपटांतला विनोदी नट, मग न्यूयॉर्कची रंगभूमी. ब्रॉडवेवर सर्कसवाल्या बार्नमची भूमिका करताना तो रोज तारेवर चालत असे आणि 1980 साली त्याला त्या कामासाठी टोनी पुरस्कार मिळाला. 'जॉर्जी गर्ल' या गाजलेल्या गाण्याचे शब्दही त्याचेच. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक त्याच्या हाती आलं तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. शरीर पुरेपूर वापरलेला नट आहे हा, आणि ते वाचनात ऐकू येतं. संवाद म्हणताना त्याची मान वळत असणार, खांदे हलत असणार, असं सतत वाटत राहतं.

स्टीफन फ्रायचं सगळंच वेगळं. केंब्रिजमध्ये शिकलेला, लेखक, बहुश्रुत, टीव्हीवर जीव्ज या हुशार बटलरच्या भूमिकेने घराघरांत पोचलेला. त्याचा आवाज मुळातच भरदार आणि संथ. तो सोंगं कमी काढतो असं नाही, पण सोंग संपलं की लगेच स्वतःच्या आवाजात परत येतो, आणि तो स्वतःचा आवाज इतका विश्वासाचा आहे की ऐकणारा तिथेच मुक्काम करतो.

माझा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो, बहीण इंग्लंडमध्ये स्लाउला. एका ऑगस्टात राखीपौर्णिमेला दोघांची मुलं नाशिकच्या घरी एकत्र आली. दुपारी पाऊस धो धो, बाहेर जायची सोय नाही. भावाच्या निहारने स्पीकरवर डेलचा दुसरा भाग लावला आणि पाच मिनिटांत बहिणीची ईशा स्वयंपाकघरात माझ्यामागे उभी. "मावशी, त्याला सांग ना, हर्मायनी अशी बोलत नाही!" पाठोपाठ निहार: "आत्या, हीच खरी हर्मायनी आहे, हिचीच चुकीची आहे."

भांडणात तथ्य होतं. डेलची हर्मायनी, म्हणजे हॅरीची मैत्रीण, 'हॅऽऽरी' असं लांबण लावून हाक मारते. अमेरिकेत वाढलेल्या पोरांच्या कानांत ती हाक घट्ट बसलेली आहे, आणि मोठेपणी ऐकणाऱ्यांची सगळ्यात जास्त तक्रारही तिच्याचबद्दल असते. फ्रायची हर्मायनी तशी साधी, थोडी शिष्ट, भरभर बोलणारी. ईशाच्या मते ती खऱ्या शाळेतली मुलगी वाटते. निहारच्या मते कुणी काका मुलीचं बोलणं वाचून दाखवतायत असं वाटतं. मग हॅरीच्या शाळेतल्या राखणदारावर, हॅग्रिडवर गाडी गेली. हॅग्रिड इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या बोलीत बोलतो. या पुस्तकांच्या लेखिका रोलिंगबाई ज्या ग्लॉस्टरशायरच्या भागात वाढल्या, तिथलं हे बोलणं. ईशाला ती बोली टीव्हीवरून ओळखीची होती. "तिकडचे शेतकरी असेच बोलतात," तिने निहारला समजावलं. निहारसाठी हॅग्रिडचं बोलणं म्हणजे नुसतं हॅग्रिडचं बोलणं, त्याला गावच नव्हतं. मला दोघांचंही पटलं. पहिल्यांदा जो आवाज कानावर पडतो, तोच पुढे त्या पात्राचा चेहरा होऊन बसतो.

पण माझ्या लेखी सोंगांचा नंबर दुसरा. वाचणाऱ्याचं पहिलं काम वेगळं आहे: गुपित राखणं. ऐकणाऱ्याला काय, कधी आणि किती कळू द्यायचं, हे सगळं त्याच्या गळ्यात असतं. छापलेल्या पानावर ही जबाबदारी लेखकाची असते. माइकसमोर ती तुमच्यावर येते.

पहिल्या पुस्तकातला प्रोफेसर क्विरल घ्या. (पुस्तक वाचलं नसेल तर हा परिच्छेद आणि पुढचे दोन सोडून द्या, रहस्य फुटेल.) पगडी घातलेला, घाबरट, वाक्यागणिक अडखळणारा मास्तर. हॅरीला तो पाचव्या प्रकरणात पहिल्यांदा भेटतो आणि सतराव्यात, म्हणजे शेवटच्या प्रकरणात, आरशासमोर उभा असतो. तिथे कळतं की तोतरेपणा हे नाटक होतं. लेखिका तिथे असंही लिहिते, की त्याचं हसणं नेहमीसारखं कापरं, चिरकं नव्हतं, थंड आणि धारदार होतं. आता हे वाक्य माइकवर वाचणाऱ्याच्या बाजूने बघा. 'नेहमीसारखं कापरं' असं शेवटच्या प्रकरणात म्हटलंय, म्हणजे बारा प्रकरणं आधीपासून तो आवाज कापरा आणि चिरका असायला हवा होता! जो वाचणारा पुढचं न वाचता माइकसमोर बसला आणि क्विरलला नुसता जाड्या आवाजाचा भित्रा माणूस करून मोकळा झाला, तो इथे सापडणार. शिवाय तोतरेपणाचं सोंग असं जमायला हवं की ऐकणाऱ्याला दया यावी, संशय येऊ नये. पानावर अक्षरं तुटलेली दिसतात आणि डोळा त्यांवरून सरकून जातो. कानाला मात्र प्रत्येक अडखळणं सोसावं लागतं. म्हणूनच शेवटी तो माणूस सरळ बोलायला लागतो तेव्हा अंगावर काटा येतो, पुस्तक वाचताना येतो त्याहून जास्त. पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय माइकसमोर बसायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे तो यासाठीच.

दुसऱ्या पुस्तकात याहून अवघड जागा आहे. द्वंद्वाच्या वर्गात साप सुटतो आणि हॅरी त्याला ओरडून थांबवतो. आपण सापांच्या भाषेत बोललो, हे हॅरीला स्वतःलाच ठाऊक नसतं. त्याला वाटतं आपण साधं इंग्रजीच बोललो. पानावर ते वाक्य साध्या इंग्रजीतच छापलंय. माइकवर काय करायचं? फूत्कारून वाचलं तर पुढच्या दोन पानांतलं रहस्य तिथेच फुटतं. साधं वाचलं तर पुढे बाकीची मुलं एवढी का हादरली, हा धक्का ऐकणाऱ्याला हॅरीच्याच बरोबरीने बसतो, आणि तेच हवं असतं. म्हणजे तिथे सोंग न काढणं ही कला. अशी जागा दिसली की मी नव्या मुलांना तिथेच थांबवते आणि विचारते, "या क्षणी हॅरीला काय माहीत आहे? तेवढंच तुझ्या आवाजाला माहीत असू दे."

आणि स्नेप, हॅरीच्या शाळेतला तो तुसडा मास्तर! त्याचा विचार केला की मला या दोघांबद्दल मनापासून आदर वाटतो. पहिली पुस्तकं रेकॉर्ड झाली तेव्हा शेवटची लिहूनही झाली नव्हती. डेलने 1999 साली सुरुवात केली, सातवं पुस्तक आलं 2007 च्या जुलैमध्ये. आठ वर्षं एक माणूस चांगला की वाईट हे माहीत नसताना त्याचा आवाज सांभाळायचा. सुरुवातीलाच त्याला पक्का खलनायक करून टाकला असता, तर सातव्या पुस्तकातलं तेहतिसावं प्रकरण कोसळलं असतं. त्या प्रकरणात हाच स्नेप नऊ-दहा वर्षांचा पोरगा म्हणून येतो, ढगळ कोट घातलेला, झुडपाआडून एका मुलीकडे बघणारा. आधीच्या सहा पुस्तकांतला तो तुच्छ, सावकाश, थंड आवाज त्या पोराच्या तोंडी पोचवायचा, तोही ओळखू येईल इतपतच. हे प्रकरण मी दोघांचंही अनेकदा ऐकलंय. मला इथे फ्राय जास्त भावतो, कारण तो काही करत नाही. संथ वाचत जातो आणि दुःखाला मध्ये येऊन उभं राहू देतो.

म्हणून डेल कमी, असं मात्र कुणी म्हणू नये. पाचव्या पुस्तकासाठी त्याने 134 वेगवेगळे आवाज काढले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. सातव्यात ती संख्या 146 वर गेली. चौथ्या आणि सातव्या पुस्तकाच्या वाचनासाठी त्याला ग्रॅमी मिळालं. संख्येपेक्षा मला त्याची रीत महत्त्वाची वाटते. प्रत्येक पात्राचं एखादं वाक्य तो छोट्या टेपरेकॉर्डरवर म्हणून ठेवायचा. तिसऱ्या प्रकरणात दोन ओळी बोलून गेलेला माणूस तिसाव्यात परत आला, की ती टेप ऐकायची, आवाज गळ्यात बसवायचा आणि मग वाचायचं. आम्ही आता हेच मोबाइलवर करतो, पात्राच्या नावाने एकेक फाइल. वहीत 'जाडा आवाज', 'नाकातला आवाज' असं कितीही लिहून ठेवलं तरी दुसऱ्या आठवड्यात त्याचा काही उपयोग होत नाही. स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकवावा लागतो.

डेलच्या सुरुवातीच्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट सापडते. तो खलनायकाचं नाव 'वोल्डमोर' असं म्हणतो, शेवटचा ट न उच्चारता. रोलिंगबाईंच्या मनातला उच्चार तोच होता. पुढे चित्रपट आले, त्यात सगळे ट म्हणू लागले, आणि मग डेलनेही ट म्हणायला सुरुवात केली. मला वाईट वाटतं या गोष्टीचं. लेखिकेच्या मनातला उच्चार ज्या एका माणसाने राखला होता, त्याने तो सोडायला नको होता.

फ्रायचा एक किस्सा तो स्वतःच सांगतो. तिसऱ्या पुस्तकात 'हॅरी पॉकेटेड इट' असे तीन शब्द आहेत, म्हणजे हॅरीने ती वस्तू खिशात टाकली. म्हणून बघा भरभर. ट, ड, लगेच स्वर, पुन्हा ट. त्याची जीभ दर वेळी अडकायची. शेवटी त्याने रोलिंगबाईंना फोन केला, मी 'हॅरीने ते खिशात घातलं' अशा अर्थाचं जरा सोपं काही म्हणू का? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, नाही. आणि मग, फ्राय सांगतो, पुढच्या चारही पुस्तकांत त्यांनी ते वाक्य मुद्दाम घातलं.

लोक हा किस्सा हसून सांगतात. मला त्यात एवढ्या मोठ्या वाचकाची शिस्त दिसते. तीन शब्द बदलायला त्याने परवानगी मागितली. गपचूप बदलले असते तर कुणाला कळलं असतं? माइकवर बसणाऱ्याला हा मोह रोज होतो. आमच्याकडे 'तिच्या चुलत्याच्या चाळीच्या चौकात' अशा वाक्यांवर माणसं थकतात. एक च दंतमूलीय (दातांमागचा), पुढचा तालव्य (टाळूचा), जीभ कुठे ठेवायची कळेनासं होतं. 'काकाच्या' म्हटलं तर काय बिघडलं, असं वाटतं. बिघडतं. समोरच्या विद्यार्थ्याला पान दिसत नाही, म्हणून तर पान जसंच्या तसं त्याच्यापर्यंत पोचवायचं.

ओरडण्याबद्दल थोडंसं, कारण नव्यांची सगळ्यात जास्त फजिती तिथे होते. दुसऱ्या पुस्तकात हॅरीच्या मित्राच्या, रॉनच्या आईचं लाल पाकिटातलं पत्र सगळ्या जेवणघरासमोर गर्जना करतं. पाचव्यात हॅरी रॉन आणि हर्मायनीवर एवढा चिडतो की त्याचं बोलणं परिच्छेदच्या परिच्छेद कॅपिटल अक्षरांत छापलंय. माइकसमोर खरोखर एवढं ओरडलं तर आवाज फाटतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला इजा होते. मग तोंड जरा बाजूला वळवायचं, थोडं मागे सरकायचं, आवाज मोठा न करता घट्ट करायचा. राग व्यंजनांत भरायचा. हॅरीच्या त्या आरड्याओरड्यात डेल खरंच पेटतो, आणि इथे मी निहारच्या बाजूची. पंधरा वर्षांच्या मुलाचा कोंडलेला संताप त्याच्या गळ्यातून असा बाहेर पडतो, की माझ्या बहिणीने गाडीत आवाज कमी केला होता.

वेगाचंच बघा. पाचवं पुस्तक साधारण अडीच लाख शब्दांचं. डेल ते साडेसव्वीस तासांच्या आसपास संपवतो, फ्रायला जवळपास 30 तास लागतात. हा तीन-साडेतीन तासांचा फरक बहुतेक मधल्या मजकुरात गेलेला आहे: वाड्यांची वर्णनं, जेवणं, पायऱ्या, रात्रीचे बोळ. संवाद दोघेही झपाट्याने घेतात. फ्राय मधल्या मजकुराला घाई करत नाही.

आपल्या कानांना कथाकथनाची सवय आहे. पुलंच्या ध्वनिफिती, मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांचे कार्यक्रम, ते गावरान हेल, ती टाळी घेणारी जागा. आमच्या पिढीला गोष्ट ऐकणं म्हणजे हेच माहीत. म्हणून मराठी माणूस माइकसमोर बसला की कथाकथनच करायला लागतो, समोर श्रोते आहेत असं धरून चालतो. पण कथाकथनाला सभागृह लागतं. ऑडिओबुक ऐकणारा एकटा असतो, कानांत हेडफोन घालून, बसमध्ये नाहीतर अंथरुणावर. त्याला टाळीची जागा नको असते. फ्राय त्या एकट्या माणसाशी बोलतो. डेलच्या अंगात रंगभूमी आहे. त्याचं वाचन गाडीत चार-पाच जण मिळून ऐकायला उत्तम.

2025 च्या नोव्हेंबरपासून याच पुस्तकांची नवी आवृत्ती येऊ लागली आहे, दोनशेहून अधिक कलाकारांची. निवेदन कुश जंबोचं, वोल्डमॉर्ट मॅथ्यू मॅकफॅडियन, स्नेप रिझ अहमद, आणि हेडमास्तर डम्बलडोर कोण, तर फ्रायचा जुना विनोदी जोडीदार ह्यू लॉरी. कलाकार मोठे आहेत, ध्वनी अप्रतिम आहे, मुलांना आवडेल. माझं मत मात्र एका माणसाच्या बाजूने. दोनशे जणांत प्रत्येकाला आपापलं पात्र माहीत असतं. एकट्या वाचणाऱ्याला सगळ्यांचं माहीत असतं आणि तरी तो तोंड बंद ठेवतो. तो ताण दोनशे जणांत वाटला की पातळ होतो.

आमच्या संस्थेत येणारा एक कॉलेजचा विद्यार्थी आहे, जन्मापासून दृष्टी नाही. त्याने सातही पुस्तकं दोन्ही आवाजांत ऐकली आहेत, आणि तीही दुप्पट वेगाने. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोबाइलवरचा स्क्रीन रीडर रोज याच वेगाने ऐकणाऱ्यांना साधा वेग रेंगाळणारा वाटतो. मी त्याला विचारलं, दोघांतला कोण? तो म्हणाला, "ताई, दुप्पट वेगात डेलचे बारीक आवाजवाले सगळे एकमेकांत मिसळतात. फ्रायचं एकही अक्षर पडत नाही." त्याच्यासमोर बसून मीही तसं ऐकून पाहिलं. खरंच, फ्रायची शेवटची व्यंजनं त्या वेगातही शाबूत राहतात, आणि दोन वाक्यांमधली त्याची विश्रांती लहान झाली तरी जाणवते.

मग त्याने आमचीच एक इतिहासाची फाइल तशा वेगात लावली. परिच्छेद संपला कुठे आणि नवा सुरू कुठे झाला, पत्ताच लागत नव्हता. तेव्हापासून आम्ही परिच्छेदानंतर थोडं जास्त थांबतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज गिळायचा नाही यावर सगळ्यांकडून सराव करून घेतो. सनावळी वाचताना तर आकडा पूर्ण होईपर्यंत श्वास सोडायचा नाही, असं त्यानेच आम्हाला बजावलंय.